मागोमाग

पेठ रोडच्या आरटीओत कॉम्प्युटरनं विचारलं होतं:
मागून रुग्णवाहिका येत असेल तर तुम्ही काय कराल?
खाली तीन उत्तरं. मी बरोबर बटण दाबलं.
सगळेच दाबतात. ते चुकायला वेगळं डोकं लागतं.

त्याला झाली आठ वर्षं.

माझ्या छोट्या हत्तीत पाण्याचे चाळीस जार असतात,
अंबडहून निघायचं, लग्नसराईत तीन-तीन खेपा.
ब्रेक मारला की पाणी आधी पुढं येतं,
केबिनच्या पाठीला एक धक्का देतं
आणि मग निवांत मागं जातं.

त्या दिवशी द्वारकेला नेहमीसारखा गुंता.
आडगाव नाक्याच्या कार्यालयातून सारखा फोन,
पंगत बसली, पाणी कुठंय, पाणी कुठंय.
तेवढ्यात मागून सायरन.
रिक्षा सरकल्या, बस कशीबशी तिरकी झाली,
दुचाकीवाले फुटपाथवर चढले,
मीही घेतली डावीकडं, अगदी आरटीओत सांगितल्यासारखी.
ती गेली.
आणि तिच्या मागं रस्ता उघडा पडला,
कोरा, कुणीच नसलेला.
मी गिअर टाकला.

खोटं कशाला बोलू, मजा आली.
द्वारका दीड मिनिटात पार.
गोरख शेजारी ओरडत होता, दादा सोडू नका, चिकटून राहा,
आणि मी चिकटून होतो, 
कुणाच्या तरी छातीतल्या कळेला
माझी गाडी बांधून.

कन्नमवार पुलावर तिनं अचानक ब्रेक मारला.
मीही मारला. चाळीस जार पाठीत आले.
दोन गाड्यांच्या मध्ये हातभर जागा उरली,
आणि मागच्या काचेत एक बाई.
एका हातानं सलाईनची बाटली उंच धरलेली,
नायलॉनच्या पिशवीचा बंद दातात,
दुसरा हात खाली कुणाच्या तरी अंगावर.
तिनं मला पाहिलं.
आणि मान हलवली, 
हं, या, असं मागोमाग या.

तिला वाटलं मी त्यांच्यातला.
भावकीतलं कुणीतरी गाडी काढून आलंय.

काय करणार होतो मी? मानेनं नाही म्हणणार होतो?
मी पाय काढला. ती लांब गेली, 
पंचवटीच्या अंगाला आवाज बारीक होत गेला.
माझ्या मागचे हॉर्न बडवत होते.
गोरख काही बोलला नाही.
पंगतीत पाणी उशिरा पोचलं, शिव्या खाल्ल्या,
पैसे कापले दोनशे.

आता सायरन ऐकला की गोरख आधी खाली उतरतो.
बोनेटवर थापा मारून गाड्या दाबायला लावतो,
ओ कारवाले, काचा खाली करा, गाणं बंद करा!
मी डावं चाक डांबराखाली उतरवतो,
ती पुढं जाऊ देतो, आणि मग मनात
वीसपर्यंत आकडे म्हणतो.
सातव्या आकड्यालाच कुणीतरी पांढरी कार
त्या मोकळ्या वाटेत घुसते.
शिवी तोंडापर्यंत येते.
पण तिच्यावर माझंच नाव असतं, म्हणून गिळतो.

परवा अमृतधामच्या सिग्नलला
आडगावकडून येणारी एक उभी होती माझ्या मागं.
सायरन नाही. दिवा नाही.
सवयीनं मी गाडी डावीकडं दाबली, हात बाहेर काढून
जा म्हणालो.
चालकानं काच खाली केली,
तंबाखूची चिमूट तशीच बोटात,
हसला नाही, रागावलाही नाही,
तळहात हलवून म्हणाला, राहू द्या. आता घाई नाही.

मी विचारलं नाही, रिकामी का.
मागच्या काचेकडं पाहिलं नाही.
सिग्नलवर अठ्ठ्याऐंशी सेकंद उरले होते, 
आम्ही दोघं उभे राहिलो,
आणि माझ्या पाठीमागं जारांतलं पाणी
हलत हलत
केव्हातरी थांबलं.